काळा बेदाणा

सीडर रॅपिड्स या गावाची ओळख मला आधी नाकाने झाली. ऑक्टोबर होता. विमानतळावरून घरी आलो, बॅगा दारातच टाकल्या, मी खिडकी उघडली आणि भाजक्या धान्याचा वास आत आला. ज्वारीच्या लाह्या फुटताना येतो त्याच्या जवळचा, पण जरा दुधाळ. नवरा दोन महिने आधी येऊन राहिला होता. तो म्हणाला, "नदीकाठी ओट्सची गिरणी आहे. वारा इकडचा असला की येतो."

आयोवा राज्यातलं हे गाव या गिरणीभोवतीच वाढलं असं म्हटलं तरी चालेल. रॉबर्ट स्टुअर्ट आणि जॉर्ज डग्लस यांनी १८७३ साली इथे ओट्स दळायला सुरुवात केली. तीच गिरणी पुढे क्वेकर ओट्सची झाली आणि आजही चालू आहे. मुलांचं गोड सीरियल निघत असेल त्या दिवशी गावभर बेरीचा वास सुटतो. गावातली माणसं सकाळी दार उघडून नुसत्या वासावरून सांगतात, आज गिरणीत काय चाललंय ते.

मला हे लगेच आपलंसं वाटलं, कारण मी तासगावची. आमच्याकडेही फेब्रुवारी ते एप्रिल गावाला वास असतो. बेदाणा शेडवर सुकत्या द्राक्षांचा आंबूसगोड वास आणि त्याच्यावर गंधकाच्या धुरीचा, नाकात झोंबणारा. एसटी कवठेएकंद ओलांडून पुढे आली की डोळे मिटून कळायचं, घर आलं.

शेजारी एक आजी राहायच्या. तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, वय काही का असेना. मीही मारायचे, पण मनात त्या आजीच होत्या. आम्ही राहायला आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या ताटलीवर कागदी रुमाल झाकून कुकीज घेऊन आल्या. ओटमील रेझिन. कडा तांबूस, मधला भाग सुरकुतलेला, त्यातून ओट्सच्या पाकळ्या आणि काळे बेदाणे वर आलेले. मी एक उचलली आणि सवयीने मोडायला गेले. ती मोडली नाही, वाकली.

माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सादळली'. पावसाळ्यात बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं की होतं तसं. आजींच्या समोर काय बोलणार? घास घेतला. कड हलकेच तुटली, मग मध्ये दात रुतले, लोणी आणि दालचिनी जिभेवर आली आणि ओट्स थोडा वेळ दाताखाली राहिले. चावावं लागत होतं, आणि चावत राहावंसं वाटत होतं. बेदाणा आला की सगळ्याला एकदम गोड पाणी सुटायचं. मी उभ्याउभ्या तीन खाल्ल्या.

त्या रात्री मी आईला फोनवर ही चव सांगायला गेले आणि अडले. मराठीत तोंडात काय होतं हे सांगायला शब्दांची कमी नाही. कुरकुरीत, कुडकुडीत, खुसखुशीत, खमंग, लुसलुशीत, मऊसूत, रवाळ, दाणेदार. शंकरपाळ्या आणि करंज्या कशा व्हायला हव्यात यावर दिवाळीत घराघरांत चर्चा होते ती याच शब्दांत. पण मऊ असून दाताला ओढ देणाऱ्या खाण्याला आपण काय म्हणतो? चिवट, चामट, वातड. तिन्ही शब्द नावं ठेवायचे. आंब्याचं साठ आपण ओढून ओढून खातो, फणसपोळी चघळतो, पण तो जो आनंद आहे त्याला चांगला शब्दच ठेवला नाही. आईला शेवटी मी म्हटलं, "सादळलेल्या बिस्किटासारखी, पण मुद्दाम केलेली." ती म्हणाली, "मुद्दाम कोण सादळवतं?"

मग अर्थात मी स्वतः करून बघायचं ठरवलं. कृती शोधायची गरजच नव्हती. ओट्सच्या डब्यावर छापलेलीच असते. १९०८ पासून क्वेकर कंपनी डब्यावर ओटमील कुकीची कृती देत आली आहे. आयोवातल्या घरांमध्ये ही कुकी आजीकडून नातीकडे आली असं म्हणतात, आणि आजीकडे ती बऱ्याचदा डब्यावरूनच आलेली असते.

माझा पहिला घाणा दगड झाला. मी लहानपणापासून नानकटाई बघितलेली. बेकरीत तूप, साखर, मैदा, रवा घेऊन जायचं आणि पत्र्याच्या डब्यातून भाजून आणायचं. नानकटाई पूर्ण भाजली, तिला भेग पडली, ती हाताला कोरडी लागली की झाली. मी कुकीजही तशाच होऊ दिल्या. मध्ये बोट लावून बघितलं, मऊ लागल्या म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवल्या. थंड झाल्यावर टेबलावर आपटल्या तर आवाज येत होता.

आजी आल्या, एक चावून बघितली आणि न हसता म्हणाल्या, "तू त्या झाल्यावर बाहेर काढल्यास. व्हायच्या आधी काढायच्या."

हे वाक्य मला पचायला वेळ लागला. आमच्या स्वयंपाकघरात कच्चं राहिलं यासारखा दोष नाही. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या ओट्यापाशी उभं राहून करायला लावलं, तेव्हा समजलं. ३५० फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसवर, दहा ते बारा मिनिटं. कड बसलेली आणि सोनेरी, पण मधला गोल अजून ओलसर चमकतोय, बघणाऱ्याला वाटावं की ही चूक झाली. तेवढ्यात ट्रे बाहेर. मग मात्र हात लावायचा नाही. तापलेल्या ट्रेवर पाच मिनिटं त्या आपल्या आपण शिजत राहतात, फुगलेला मध्य खाली बसतो आणि त्यावर त्या सुरकुत्या पडतात. उचलायची घाई केली की फाटतात.

बाकीची कृती मी आता डोळे झाकून करते. एक कांडी बटर म्हणजे ११३ ग्रॅम, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ५० ग्रॅम पांढरी साखर, एक अंडं, अर्धा चमचा व्हॅनिला. मैदा ९५ ग्रॅम, त्यात अर्धा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा दालचिनीची पूड, पाव चमचा मीठ. ओट्स १३५ ग्रॅम, बेदाणे ७५. मध्यम आकाराच्या वीसेक होतात. बटर बोटाने दाबलं तर खड्डा पडावा इतकंच मऊ हवं, वितळलेलं नको. ओट्स अख्ख्या पाकळ्यांचे, झटपट शिजणारे बारीक नकोत, कारण त्यांचा पिठूळ गोळा होतो आणि दाताला काही लागत नाही. या पाकळ्या म्हणजे सोललेला ओट वाफवून रुळांखाली चपटा केलेला, आपल्या पोह्यांचीच रीत. मिश्रण तासभर तरी फ्रीजमध्ये ठेवायचं. तेवढ्यात ओट्स ओल पिऊन घेतात, बटर घट्ट होतं आणि भट्टीत कुकी पापडासारखी पसरत नाही.

मऊपणाचा खरा आधार ब्राउन शुगर. ती पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त हवी. ती म्हणजे काय हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. पांढरी साखर आणि मळी. तीच मळी, जी आमच्या भागात साखर कारखान्यातून वेगळी निघते आणि स्पिरिट करायला जाते. तिच्या वासाने कारखान्यावरून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावायचो. इथे ही साखर ओलसर राहते ती मळीमुळेच, मुठीत दाबली तर गोळा व्हावी अशी. ही मळी हवेतलं पाणी धरून ठेवते आणि कुकी चार दिवस मऊ राहते. थोडी आंबट असल्यामुळे सोडाही तिच्याबरोबर कामाला लागतो.

आणि बेदाणा. इथे मला जरा थांबायलाच हवं.

दुकानात बेकिंगच्या फळीवर मी पहिल्यांदा बेदाण्याचे डबे बघितले तेव्हा बराच वेळ नुसती उभी राहिले. ओळीने सगळा काळा माल. हिरवा बेदाणा कुठेच नाही. पिवळा होता, तो एका कोपऱ्यात, वेगळा म्हणून. मी डब्याचा फोटो काढून अण्णांना, माझ्या वडिलांना, पाठवला. अण्णांनी लगेच फोन केला. "ह्यो पावसात घावलेला माल हाय की गं. एवढा सगळा?"

पावसात घावलेला माल काय असतो ते मला चांगलं माहीत होतं. मी नववीत होते. मार्चचा दुसरा आठवडा, आमची द्राक्षं शेडवर टाकून पाचवा दिवस. बेदाणा करताना घड काढून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात दोनेक मिनिटं बुडवतात आणि शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरतात. एकावर एक दहा-बारा मजले, वर छप्पर, बाजूने वारा. त्या पाण्याने द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाला बारीक बारीक भेगा जातात, आतलं पाणी भराभर उडतं आणि पंधरा दिवसांत हिरवा बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा किलोभर. सगळा खेळ वेगाचा. वेग मोडला की साल आतून तपकिरी व्हायला लागते.

त्या वर्षी अवकाळी आला आणि तीन दिवस हटला नाही. अण्णांनी शेडच्या चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या. पाणी अडलं, दमट हवा कशी अडवणार? रात्री ते बॅटरी घेऊन रॅकमधून फिरायचे, एखादा मणी तोडून बोटांत दाबून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा रॅकवरचा रंग गेला होता.

सौद्याला मी त्यांच्याबरोबर गेले होते, कारण येताना मला चप्पल घ्यायची होती. नमुना टेबलावर ओतला. एका व्यापाऱ्याने मूठ भरून घेतली, उजेडाकडे धरली, परत ढिगात सोडली आणि पुढच्या नमुन्याकडे गेला. त्याने तोंड वाकडं केलं नाही, वाईट शब्दही काढला नाही. ती मूठ सुटताना बेदाण्यांचा जो आवाज झाला तो मात्र माझ्या कानात राहिला. माल निम्म्याहून कमी दराने गेला. अण्णा म्हणाले, चप्पल पुढच्या बाजाराला घेऊ. आईने दहा-बारा किलो घरात ठेवून घेतला. वर्षभर शिऱ्यात, खिरीत, डब्यात तोच. शाळेत मैत्रिणींसमोर मी तो खायचे नाही, खालच्या खालीच ठेवायचे. बाकी सगळ्या बागायतदारांच्याच मुली. रंग बघून त्यांना सगळं कळलं असतं.

आणि आता आयोवातल्या दुकानात त्याच रंगाने भरलेली अख्खी फळी.

मी वाचायला लागले. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या आसपास हा बेदाणा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घड काढायचे आणि बागेच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर उन्हात पसरायचे, ही तिथली जुनी रीत. बुडवणं नाही, काही नाही. दोन-तीन आठवडे सावकाश सुकत राहतं आणि त्या सावकाशपणातच साल काळी होते, गोडी गडद होते, जळत्या साखरेकडे झुकते. सगळ्यात मोठा धक्का पुढे होता. ते द्राक्ष बहुतेक करून थॉम्पसन सीडलेस. विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाने १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात लावलेलं. आमच्या बागेतही आधी थॉम्पसनच होतं, आणि आता आहे ते तास-ए-गणेश, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून निवडून काढलेलं. दोन्हीकडे एकच वेल. अण्णांच्या शेडवर ज्याला नुकसान म्हणाले, तेच इथे त्या फळाचं नेहमीचं रूप आहे.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तितं पाऊस न्हाई व्हय त्या दिवसांत?" शेतकऱ्याला सुचणारा हाच प्रश्न होता, आणि तोच बरोबरही होता. पडतो म्हटलं कधीकधी, आणि मग त्यांचंही नुकसान होतं. त्यावर ते "हां" म्हणाले. तिकडच्या कोणाची तरी ओळख पटल्यासारखे.

तेव्हापासून कुकीजसाठी मी काळाच घेते. आईने पाठवलेला हिरवा घालून बघितला होता. सुंदर होतो, पातळ सालीचा, थोडी आंबट धार असलेला. पण दालचिनी आणि मळीच्या साखरेपुढे त्याचा आवाज बारीक पडतो. तिथे काळा हवा. तो गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यात टिपून मगच घालायचा. कोरडा घातला तर तो कुकीतलीच ओल ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती कडक होते. इथल्या पुष्कळ मुलांना ही कुकी आवडत नाही. काळा ठिपका चॉकलेट समजून घास घेतात आणि आत बेदाणा निघाला की त्यांचा चेहरा पडतो. माझ्या मुलीच्या वर्गातही असं झालं. मला ते मनाला लागतं, अजूनही. चार किलो द्राक्षं आहेत त्या एका किलोत.

गेल्या मार्चमध्ये आम्ही तासगावला गेलो. मी मुद्दाम त्या दिवसांतली सुट्टी मागून घेतली होती, शेड भरलेलं बघायला मिळावं म्हणून. वहिनीकडे छोटा ओव्हन आहे. ओट्स गावातच मिळाले. पाकीट बघून अण्णा म्हणाले, "ह्यो आपण जनावरास्नी करतो त्यो ओट का?" तोच. आमच्याकडे गाईंना हिरवा चारा म्हणून तो पेरतात, दाणा भरू देत नाहीत. ब्राउन शुगरसाठी मी साखरेत चमचाभर काकवी चोळली आणि ती तशीच ओलसर, सोनेरी झाली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा सुवासिक. आईने विचारलं, "अंडं घालणार? आज गुरुवार तर नाही?" बुधवार होता.

अडचण आली ती बटरची. आयोवात थंडीत ते मऊ व्हायला तीन तास लागतात. तासगावच्या मार्चमध्ये वाटी ओट्यावर ठेवून मी अंडं आणायला गेले, तेवढ्यात त्याची कड सुटायला लागली होती. त्यात नेमकी लाइट गेली. मिश्रण फ्रीजमध्ये ठेवून दार उघडायचं नाही असं सगळ्यांना बजावलं आणि वाट बघत बसले.

तेवढ्यात अण्णा शेडवरून आले. हातात कागदाची पुडी. प्रतवारीत बाजूला काढलेला माल, चाळणीवरच्या बायका वेचून वेगळा ठेवतात तो. दरवर्षी थोडा निघतोच. काळा. त्यांनी पुडी माझ्यासमोर उघडली आणि एक दाणा बोटांत घेऊन दाबला, त्या रात्री बॅटरीच्या उजेडात दाबायचे तसाच. "ह्यातला घे. तुला काळा लागतो न्हवं?"

लाइट आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओव्हनसमोर मी, आई, वहिनी आणि तिची दोन मुलं. बाराव्या मिनिटाला मी ट्रे काढला तर आई म्हणाली, "अगं, मध्ये कच्चं आहे." मी म्हटलं, असू दे. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मध्य खाली बसत गेला, सुरकुत्या पडल्या.

अण्णांनी पहिली घेतली. मोडायला गेले, वाकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घास न घेता आधी नखाने एक बेदाणा बाहेर काढला. फुगलेला, चकचकीत, साल ताणलेली. उजेडाकडे धरून बघितला. मग तोंडात टाकला, आणि त्याच्यामागून उरलेली कुकी. बराच वेळ चावत होते. काही म्हणाले नाहीत. दुसरी घेतली.

रात्री उरलेल्या डब्यात भरताना मी ब्रेडचा तुकडा शोधत होते. आयोवात आजींनी शिकवलं होतं, डब्यात ब्रेडचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे त्याची ओल कुकीज घेतात. घरात ब्रेड नव्हता. आईने चपातीचा चतकोर पुढे केला. "हिच्यात काय ओल कमी असते?" सकाळी डबा उघडला तर चपातीचा पापड झाला होता आणि कुकीज कालच्यासारख्याच मऊ.

अण्णा सकाळी लवकर शेडवर जातात. डब्यातल्या दहा-बारा त्यांनी कागदात बांधून घेतल्या. मीही पाठोपाठ गेले. चाळणीपाशी बायका बसल्या होत्या, समोर हिरव्या बेदाण्याचा ढीग, बाजूला काळ्याचा छोटा. अण्णांनी कागद उलगडून मध्ये ठेवला. एकीने कुकी उचलली, मोडायला गेली आणि थांबली.

"अण्णा, ही बिस्किटं सादळल्यात की ओ."

अण्णा रॅककडे वळले होते. तिथूनच, मागे न बघता म्हणाले, "सादळली न्हाईत. ती तशीच असत्यात."